चिकटपट्टीमागची सीडी

१

"हरलात तर लाल टाचेचा बूट घालायचा, घड्याळजी. डाव्या पायात. उजव्यात गमबूट."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर मी घालीन. तसेही माझे पाय तुमच्यापेक्षा देखणे आहेत."

गुरुवारची सकाळ होती. आत्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कमरेत वाकून बोलत होती आणि घड्याळजी खाली आपल्या दुकानाच्या पायरीवर मान वर करून उभे होते. आत्याच्या डोक्यावर दोरीला बारा जुन्या सीड्या लटकत होत्या. कबुतरं पळवायला म्हणून टांगलेल्या. अकरा जणी उन्हात चकाकत गोल फिरायच्या. बारावी, हिरवा पायमोजा छापलेली, पार कोपऱ्यात छपराखाली सावलीत. तिच्या शेजारी एक जाडजूड कबूतर रोज पाय पोटाशी घेऊन बसायचं, भाडं भरल्यासारखं.

"चोरी झालीय," घड्याळजी म्हणाले. "सगळी आळी सांगतेय."

"चोरी झालेलीच नाही," आत्या म्हणाली. "शनिवारी पाचच्या ठोक्याला सिद्ध करते. हरेल त्याने काकूच्या दुकानाच्या काचेतले दोन बूट चढवून नळाजवळच्या बाकावर उभं राहायचं आणि तुमच्या त्या भिंतीवरल्या घड्याळातल्या पक्ष्याबरोबर पाच वेळा 'कुकू' करायचं. मोठ्याने."

"कबूल!" घड्याळजींनी हात वर केला. गॅलरीपर्यंत पोचेना, तेव्हा त्यांनी हवेतच टाळी दिली.

आत्याने सव्वीस वर्षं एका कॉम्प्युटर कंपनीत तक्रारीचे फोन घेतले होते. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी हाताची खाज गेली नव्हती. आळीतल्या कुणाचाही प्रिंटर अडला की ती चप्पल न घालताच धावायची. तिच्या खोड्याही प्रसिद्ध होत्या. घड्याळजींच्या दुकानातली सगळी घड्याळं तिने एकदा सात मिनिटं पुढे केली होती आणि त्या दिवशी अख्खी आळी जेवायला लवकर बसली होती.

पण आज पैज लावताना तिच्या मनात खोडी नव्हती. वरून तिला दिसत होतं, काकूच्या बुटांच्या दुकानातून शिवणवाली सुई बाहेर पडली होती. हातात पिशवी. पिशवीतून तिची बसायची गादी डोकावत होती.

सुई आपली बसायची गादी घेऊन चालली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

२

काकूचं दुकान छोटं. काचेत नमुन्याचे बूट, आत चामड्याचा वास, भिंतीला लाकडी पावलांची रांग. बाजारात ज्यांच्या मापाचा बूट मिळत नाही त्यांचे बूट काकू बनवायची. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकावर एक. दोनशे बारा लोकांची पावलं तिने कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवली होती, दर वर्षाच्या बदलासकट. माप ती घ्यायची, कापायची. सुई वरचं चामडं शिवायची. बारीक चणीची, बोलायला टोकदार, म्हणून सुई.

"या आत्या, बघा," काकू म्हणाली. रडून झालेलं दिसत होतं.

पडद्यावर एकच ओळ होती. मूळ सीडी ड्राइव्हमध्ये घाला.

"तो मापांचा प्रोग्राम म्हाताराय," काकू सांगू लागली. "नव्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने नव्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवून दिला."

"व्हर्च्युअल मशीन."

"मी पोटातला म्हणते. बाहेरचा नवा, पोटातला जुना. आणि प्रोग्रामला सीडी लागते. ती आत असली तरच उघडतो. कंपनी कधीच बंद पडली, दुसरी सीडी मिळायची नाही. काल संध्याकाळी सहापर्यंत मी त्यावर काम केलंय. म्हणजे काल सहाला सीडी आत होती की नाही?"

"तसं दिसतं."

"आज सकाळी हे असं. कप्पा उघडला तर रिकामा! रात्री दुकानाची किल्ली कुणाकडे? सुईकडे. शेवटी बाहेर कोण पडलं? सुई. आणि परवाच ती मला म्हणाली, पगार वाढवत नसशील तर एक दिवस तुझं दुकान बसेल बघ." काकूचा आवाज चिरका झाला. "मी तिला काही बोलले नाही, फक्त किल्ली मागितली. तिने किल्ली टेबलावर ठेवली, गादी उचलली, गेली. शनिवारी सहाला दुसरी शिवणवाली बघायला येतेय."

आत्या ड्राइव्हसमोर उकिडवी बसली. कप्प्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली चिकटपट्टी लोंबत होती. मधोमध फाटलेली.

"ही काय?"

"मीच लावली होती. भाचा मशीन बसवून गेला त्याच दिवशी. तो म्हणाला, काकू, आता हे उघडायची गरज नाही. म्हटलं कुणी चुकून उघडायला नको. आज सकाळी मीच फाडली, कप्पा बघायला."

"सकाळी ती सलग होती?"

"नखाने दोन मिनिटं खरवडावी लागली."

"काकू," आत्या सावकाश म्हणाली, "चोराने रात्री सीडी काढली आणि तीन वर्षांची जुनी, पिवळी, धूळ बसलेली चिकटपट्टी परत जशीच्या तशी लावली? असा चोर असेल तर त्याला चोरी सोडून घड्याळं दुरुस्त करायला बसव."

काकूने लोंबती चिकटपट्टी बोटाने उचलून पाहिली.

"मग सीडी गेली कुठून? चिकटपट्टीतून?"

३

आत्याचं एक तंत्र होतं. सव्वीस वर्षांत फोनवर प्रत्येक माणूस तिला पहिलं वाक्य एकच सांगायचा, मी काहीच केलं नाही. ते वाक्य ती सोडून द्यायची. त्याच्या पुढे 'फक्त' आलं की पेन उचलायची. तिच्या मते जगातली सगळी मोडतोड 'फक्त' या शब्दाच्या मागे दडून बसलेली असते.

"सकाळी पोटातला सुरू केलास तेव्हा काय झालं? सगळं सांग. फालतू वाटलं तरी."

"काही नाही. फक्त इंग्रजीत काहीतरी विचारलं त्याने. मी 'नाही' दाबलं."

"काय विचारलं?"

"मला काय माहीत! मी सगळ्यालाच 'नाही' दाबते. तो रोज काही ना काही विचारत असतो. अपडेट करू का, आठवण करू का, आवडलं का."

आत्याने कपाळाला हात लावला, पण हसत. मग ती उठली. "माझी एक सीडी आणते. थांब."

वर गॅलरीत जाऊन तिने दोरीला हात घातला. बोटांना आधी हिरवा पायमोजा लागला. जाडजूड कबुतराने तिच्याकडे नाराजीने पाहिलं. त्याला कशाला उठवा, म्हणून ती सोडून तिने पलीकडची सोडवली. भाषा शिकवणारी कसली तरी सीडी. चार महिन्यांत बोला, असं लिहिलेलं. झग्याला पुसत ती खाली आली.

सीडी कप्प्यात घातली. कप्पा कुरकुरत आत गेला, ड्राइव्ह घरघरला. बाहेरच्या कॉम्प्युटरवर लगेच खिडकी उघडली. सीडी दिसतेय, फाइली दिसताहेत. चार महिन्यांत बोला.

"ड्राइव्ह ठणठणीत," आत्या म्हणाली. "आता पोटातल्यात बघू."

पोटातल्यात ड्राइव्हचं चित्र होतं. आत्याने त्यावर टिचकी मारली. रिकामा.

"बंद करून परत चालू करा ना," काकू म्हणाली. "भाचा फोनवर पहिलं तेच सांगतो."

"मी सव्वीस वर्षं तेच सांगितलंय गं बाई." तरी आत्याने बंद करून चालू केला. रिकामा तो रिकामाच. एकच कप्पा, एकच सीडी. बाहेरच्याला दिसते, पोटातल्याला दिसत नाही.

मग आत्याने पोटातल्या मशीनच्या सेटिंगची खिडकी उघडली. एक एक ओळ बोटाने वाचत खाली आली आणि बोट थांबलं.

"काकू, तू बाहेरच्या दाराला बेल लावलीस आणि तिची वायर शेजाऱ्याच्या घरात गेली, तर तुझ्याकडे वाजेल?"

"नाही वाजणार."

"इथे तेच आहे. पोटातला ड्राइव्ह या खऱ्या कप्प्याला जोडलेलाच नाही. सीडीची हुबेहूब नक्कल करून ती फाइल म्हणून याच कॉम्प्युटरवर ठेवली होती, आणि पोटातल्याला सांगितलं होतं, हीच तुझी सीडी समज. तो बिचारा रोज फाइल वाचत होता. आज फाइल जागेवर नाही. म्हणून सकाळी त्याने विचारलं, बाई, फाइल मिळत नाही, तरी जोडायला बघू का? तू म्हणालीस, नाही."

"म्हणजे काल सहाला..."

"काल सहाला कप्प्यात सीडी होती असं कुठे सिद्ध होतं? परवाही नाही. तीन वर्षांत एकदाही नाही." आत्या उठून उभी राहिली, गुडघे वाजले. "इथे दोन वस्तू गायब आहेत, काकू. फाइल गेली काल सहानंतर. सीडी कधी गेली ते देवाला ठाऊक. काल सहानंतर या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं?"

काकूने ओठ आवळले. ती भिंतीवरली लाकडी पावलं उगाच सारखी करू लागली.

"भाऊजी," ती शेवटी म्हणाली.

४

भाऊजी म्हणजे काकूचा धाकटा दीर. डोंगर चढण्याचं वेड. दर सुट्टीला चढायचा, आणि चढताना जे जे दिसेल त्याचं चित्रण करायचा. त्याच्या घरी पाहुणा गेला की दोन तास डोंगर बघितल्याशिवाय सुटत नसे.

शुक्रवारी सकाळी आत्याने त्याला त्याच्या घराच्या जिन्यावरच गाठलं.

"मी काहीच केलं नाही, आत्या," तो म्हणाला.

"ते झालं. पुढचं बोल."

"बुधवारी संध्याकाळी वहिनीला विचारूनच गेलो. माझा फोन भरला होता, म्हटलं दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकतो. तर तिथेही जागा नव्हती. म्हणून फक्त थोडी जागा केली."

"फक्त. कशी केलीस जागा?"

"हुशारीने केली हो! सगळ्या फाइली तारखेने लावल्या. ज्यांच्यात तीन वर्षांत काही बदल नाही, त्या काढल्या. वापरात नसलेल्याच की त्या."

"अरे बाबा, घराच्या पायात पन्नास वर्षं बदल होत नाही. म्हणून तो वापरात नाही?"

भाऊजीचा चेहरा उतरला. "कचऱ्यात असतील. काढून देतो."

"कचरा तसाच आहे ना?"

"कचरा... कचऱ्याने जागा अडते ना, आत्या. तोही रिकामा केला." मग एकदम आठवून, "पण सुईला विचारा, मी निघालो तेव्हा ती होती. तिच्यासमोर निघालो. मी तो कप्पा उघडला नाही, शप्पथ."

"माहितीये. चिकटपट्टीने तुझी साक्ष दिलीय. आणि हे तू काल काकूला का नाही सांगितलंस?"

"मला कुठे माहीत होतं संबंध आहे! सगळे सीडी सीडी करत होते. मी सीडीला हातच लावला नव्हता."

तेही खरंच होतं. आत्या जिना उतरली आणि उतरता उतरता तिने भाच्याला फोन लावला. तो दूरच्या शहरात नोकरीला.

"फाइल परत येणं कठीण आहे, आत्या," भाचा म्हणाला. "त्यावर डोंगर बसलेत आता. पण काळजी कशाला? मूळ सीडी आहे की! तिच्यावरून पाच मिनिटांत दुसरी नक्कल होईल."

"मूळ सीडी कुठे ठेवलीस?"

"कप्प्यातून काढली आणि काउंटरवर ठेवली. काकू कुणाच्या तरी पायाचं माप घेत होती, तिला म्हटलं, काकू, हे उघडायची आता गरज नाही, सीडी जपून ठेव. 'हो हो' म्हणाली. मी काहीच चुकीचं केलं नाही, फक्त घाईत पाकिटात घालायची राहिली. तिथे आणखी दोनचार टाकाऊ सीड्या पडल्या होत्या, त्यांच्यावरच ठेवली."

काकूच्या कानात त्यातलं अर्धंच शिरलं होतं. उघडायची गरज नाही, एवढंच. आणि ती उठून चिकटपट्टी शोधायला गेली होती.

"कशी दिसते रे ती सीडी? काकूला विचारलं तर म्हणते, गोल."

भाचा हसला. "पांढरी. वर हिरव्या पावलाचं चित्र. घोट्यापर्यंत. लांबून बघितलं तर पायमोजा वाटतो."

आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली.

"आत्या? आहात का?"

"आहे रे," आत्या म्हणाली. "चांगलीच आहे."

५

तिला सगळं लख्ख आठवलं. तीन वर्षांपूर्वी कबुतरांनी गॅलरीत संसार थाटला होता. कुणीतरी सांगितलं, सीड्या टांगा. मग आत्या पिशवी घेऊन आळीभर फिरली होती. घरातली एक, घड्याळजींकडून दोन, इस्त्रीवाल्याकडून चार. काकूच्या दुकानात शिरली तेव्हा काकू जमिनीवर बसून कुणाच्या तरी टाचेभोवती फीत गुंडाळत होती. काउंटरवर पाच सीड्या. "या टाकाऊच ना गं?" असं आत्याने विचारलं होतं. उत्तर आलं होतं की नाही, ते मात्र आठवत नव्हतं. पिशवीत पडल्याचा आवाज तेवढा आठवत होता.

गॅलरीत जाऊन तिने दोरी सोडली. जाडजूड कबूतर उडालंही नाही, नुसतं सरकलं.

सीडी धुळीने माखलेली, एका बाजूला पांढरी नक्षी, ती कुणाची कलाकारी ते सांगायला नको. पण वर्षानुवर्षं सावलीत होती, ऊन लागलं नव्हतं. आत्याने साबणाच्या पाण्यात बुडवली आणि मऊ फडक्याने पुसली. गोल गोल नाही, मधून कडेकडे, सरळ. हे तिने फोनवर हजार लोकांना शिकवलं होतं. दोन बारीक ओरखडे होते. बाकी ठीक.

मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि डोकं चालवू लागली. खोडीचं डोकं. तिच्यापाशी तेच एक डोकं होतं.

सोपं होतं. उद्या काकूच्या दुकानात जायचं, कपाटामागे हात घालायचा, "अगं बाई, इथे पडलीये!" असं ओरडायचं. कपाटामागे पडली म्हणजे चोरी नाही. चोरी नाही म्हणजे घड्याळजी हरले. लाल टाचेचा बूट, गमबूट, कुकू. सुई परत, काकू खूश. कुणाला काही कळायचं कारण नाही. आळीत सेटिंगची खिडकी वाचता येणारं एकच माणूस होतं, आणि ते आत्ता पलंगावर बसलं होतं.

जाता जाता सुईला सांगावं म्हणून ती दुपारी तिच्या घरी गेली.

सुई खिडकीशी बसून कुणाचीतरी पिशवी शिवत होती. शेजारी ती गादी. कोपऱ्यात दुकानातून आणलेलं तिचं अंगुस्तान.

"बुधवारचं सांग, सुई."

"भाऊजी सात वाजता गेले. मी साडेसातला दिवा घालवला, कुलूप लावलं, घरी आले. सकाळी तिने मागितल्यावर किल्ली टेबलावर ठेवली."

आत्या वाट बघत राहिली. पुढे 'फक्त' आलंच नाही. सव्वीस वर्षांत असं एकदोनदाच झालं होतं.

"सीडी सापडेल बघ उद्या," आत्या म्हणाली. "असेल कुठे कपाटामागे पडलेली."

सुईने दोरा दाताने तोडला. "कपाटामागे सापडली तर काय म्हणतील माहितीये? सुईनेच टाकली असेल, घाबरली आणि मागे सारली. टेबलाखाली सापडली तरी मीच. छपरावर सापडली तरी मीच. अकरा वर्षं तिच्याबरोबर एका ताटात जेवलेय, आत्या. तिने मला विचारलंसुद्धा नाही, घेतलीस का म्हणून. नुसता हात पुढे केला किल्लीसाठी." ती पुन्हा सुईत दोरा ओवू लागली. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. "सीडी सापडून माझं काही होत नाही. घेतली कुणी ते सापडलं पाहिजे."

आत्याच्या पिशवीत सीडी होती. हिरवा पायमोजा वर करून.

६

शनिवारी साडेचारला काकूच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. घड्याळजी आपलं भिंतीवरलं पक्ष्याचं घड्याळच काढून घेऊन आले होते. भाऊजी दाराशी, मान खाली. सुई यायला तयार नव्हती. "तुझ्या हाताने न्याय करायचाय," असं आत्याने सांगितलं तेव्हा आली, आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

आत्याने आधी चिकटपट्टी दाखवली. मग पोटातल्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली, बेलच्या वायरीसकट. भाऊजीने सगळ्यांसमोर कबूल केलं की फाइल त्याने काढली.

"तेव्हा बुधवारी रात्री या दुकानातून काहीही गेलेलं नाही," आत्या म्हणाली. "कुलूप लावणाऱ्या बाईचा यात काडीचा संबंध नाही. सीडी तीन वर्षांपूर्वीच कप्प्याबाहेर आली होती."

मग तिने पिशवीतून सीडी काढली. काकूने दोन्ही हात पुढे केले.

"आधी चालते का बघू."

कप्पा उघडला. सीडी ठेवली. ड्राइव्ह घरघरला, थांबला. परत घरघरला, थांबला. तिसऱ्यांदा तो गुरगुरला, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा, आणि बाहेरच्या पडद्यावर खिडकी उघडली. आत्याने पोटातल्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फाइल' काढून 'खरा ड्राइव्ह' केला. खाली बारीक चौकोन होता, मशीन सुरू होताना जोडा. त्यात बरोबरची खूण केली. पोटातला सुरू झाला. इंग्रजीत काहीतरी विचारलं.

काकूचं बोट सवयीने पुढे गेलं. आत्याने ते धरलं. "वाचू दे मला आधी."

वाचलं, 'हो' दाबलं. प्रोग्राम उघडला. पहिलं पाऊल आलं, टपालवाल्या बाईंचं डावं, दोन बोटं आखूड.

दुकानात एकच कल्ला झाला. त्या गडबडीतच आत्याने सीडीची नवी नक्कल करायला लावली, एक इथे, एक भाऊजीच्या डोंगरांपासून लांब. घड्याळजी केव्हाच बाकड्यावर बसून मोजे काढू लागले होते.

"हरलो बुवा," ते म्हणाले. "चोरी झालीच नाही. काकू, तो लाल बूट काढा. माझा अंगठा जरा मोठाय, सांभाळून घ्या."

"थांबा," आत्या म्हणाली.

"आता काय?"

"सीडी कुठे होती, ते कुणी विचारलंच नाही."

उंबऱ्याबाहेरची सुई एक पाऊल पुढे आली.

"मी काहीच केलं नाही," आत्या म्हणाली आणि स्वतःच थांबली. तिला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. "मी फक्त, तीन वर्षांपूर्वी, या काउंटरवरून पाच सीड्या उचलल्या. काकू माप घेत होती. विचारलं, पण उत्तराला थांबले नाही. ही सीडी माझ्या गॅलरीत लटकत होती. कबुतराशेजारी. गुरुवारी सकाळी तिच्याच खाली उभी राहून मी घड्याळजींशी पैज लावली."

काकूने सीडीकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग हळूच दाराकडे.

"मग ही चोरी धरायची का?" घड्याळजींनी विचारलं. हातात एक मोजा. "टाकाऊ समजून घेतली ना त्यांनी."

"मी नाही सांगणार. तुम्हीही नाही," आत्या म्हणाली. "दोन दिवस जिला चोर म्हटलं, ती सांगेल."

सुईने आत्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, चामडं बघते तसं.

"उत्तराला न थांबता उचललीत?"

"हो."

"मग चोरीच." सुईच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "आत्या, कितव्या नंबरचा बूट लागतो तुम्हाला?"

काकू उठली. तिने गल्ल्याजवळची किल्ली घेतली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि हात पुढे केला. या वेळी तळहातावर किल्ली होती. "मी तुला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "आणि पगाराचंही बोलू. सहाला ती दुसरी येईल, तिला तूच सांग परत जायला."

"सांगते. पण गादी घरी राहिलीये."

"भाऊजी आणतील," काकू म्हणाली. "डोंगर चढतात ते, दोन जिने काय."

पाचला एक मिनिट कमी असताना आत्या नळाजवळच्या बाकावर चढली. डाव्या पायात लाल टाच, उजव्यात गमबूट, त्यामुळे एका बाजूला कललेली. सुईने तिचा हात धरला होता, पडू नये म्हणून, आणि पळू नये म्हणूनही. इस्त्रीवाला, टपालवाली, खिडक्याखिडक्यांतून बायका, सगळी आळी जमली होती. घड्याळजींनी घड्याळ डोक्यावर उंच धरलं होतं.

"हे घड्याळ बरोबर आहे ना, घड्याळजी?" आत्याने विचारलं. "सात मिनिटं पुढे नाही ना?"

"आज तुमचा हात लागू दिला नाही त्याला."

चिमुकलं दार उघडलं. लाकडी पक्षी बाहेर आला.

"कुकू!" आत्या ओरडली. सव्वीस वर्षं फोनवर हळू बोलून साठलेला सगळा आवाज तिने त्यात घातला.

दुसऱ्या कुकूला पोरं खिदळली. तिसऱ्याला काकू पोट धरून खाली बसली. चौथ्याला वर गॅलरीत खळबळ झाली.

पाचव्याला ते जाडजूड कबूतर, जे तीन वर्षांत बारा सीड्यांना हललं नव्हतं, फडफडत उठलं आणि छपरावरून पार दिसेनासं झालं.